इंडिगोला वाढायला आता जागा कुठे उरलीय? (स्वस्त विमानसेवा आणि बाहेरची मार्केटं)

आकडेमोड्या

२०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची ढिगाने विमानं रद्द झाली, त्या गोंधळावर इथे भरपूर शिव्या घालून झाल्यात, त्या तिकडेच चालू द्या, हा धागा त्यावर नाही. माझ्या डोक्यात वेगळंच घोळतंय. इंडिगोकडे आज चारशेच्या वर विमानं आहेत. २०२३ च्या जूनमध्ये पॅरिसच्या एअर शोला जाऊन एकदम ५०० विमानांची ऑर्डर देऊन आले, आधीच्या ऑर्डरीतली बाकी धरली तर अजून नऊशेच्या आसपास यायची आहेत. सरासरी काढली तर आठवड्याला एक नवीन विमान दारात उभं राहतं. बरं, त्यात बसणार कोण?

कारण मागचा इतिहास काढून बघा. स्वस्त तिकीट आणि वेळेवर विमान म्हणून कंपनी वाढली असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की दर काही वर्षांनी कोणीतरी मेलं आणि त्याचं गिऱ्हाईक यांना आयतं मिळालं. २००६ च्या ऑगस्टमध्ये यांचं पहिलं विमान उडालं तेव्हा स्वस्त म्हणजे एअर डेक्कन असंच समीकरण होतं, ती २००७ ला किंगफिशरच्या घशात गेली आणि पुढे किंगफिशरच ऑक्टोबर २०१२ ला आडवी झाली. १७ एप्रिल २०१९ ला जेट बंद, मुंबई-दिल्लीचे सोन्यासारखे स्लॉट (विमान उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा) वाटले गेले, त्यात यांनाही मिळाले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. स्पाइसजेट चालू आहे पण वाटा दोन-तीन टक्क्यांवर आलाय. म्हणजे आता मरायला कोणी शिल्लकच नाही हो. समोर टाटांची एअर इंडिया, ती मरणार नाही, आणि अकासा, ती अजून लहान आहे. देशातले साठ टक्क्यांच्या वर प्रवासी ऑलरेडी यांचेच.

तर पुढचं गिऱ्हाईक एकतर नवीन तयार करायचं, नाहीतर बाहेरून आणायचं. मला दिसणाऱ्या जागा अशा. नवे विमानतळ, म्हणजे आपल्याकडे नवी मुंबई आणि गोव्याचं मोपा. दुसरं, चार ते सात तासांच्या अंतरावरचे देश, जिथे हेच छोटं विमान पोचतं. तिसरं, थायलंड-मलेशियाने २०२३ च्या शेवटी भारतीयांना व्हिसा माफ केला, त्याने किती माणूस हललाय ते आपण आजूबाजूला बघतोच. आणि चौथं म्हणजे जी मंडळी आज दुबई-दोहावरून विमान बदलून युरोपला जातात ती. माझा अंदाज दुसऱ्या नंबरावर आहे. तुम्हाला काय वाटतं? जे लोक या धंद्यात आहेत त्यांनी प्लीज लिहा, मी फक्त आकडे बघणारा माणूस आहे.

खवचट आजोबा

सात तास त्या खुर्चीत? ती मागे होत पण नाही. माझे गुडघे नाकाला लागतात. मार्केट कसलं शोधताय, आधी हाडवैद्य शोधा.

उलवेकर

नवी मुंबईबद्दल लिहितो कारण रोज बघतोय. २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, पहिलं विमान उतरलं तेच बेंगळुरूहून आलेलं इंडिगोचं. आत्ता एकच धावपट्टी आहे, टर्मिनल वर्षाला दोन कोटी प्रवाशांचं, पूर्ण झालं की नऊ कोटी म्हणतात.

पण लोकांच्या लक्षात येत नाही की संधी उलव्याच्या या नव्या विमानतळात नाहीये, संधी सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाच्या अडचणीत आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, तासाला जेमतेम ४५-४६ विमानं. पंधरा वर्षं तिथे नवीन स्लॉट म्हणजे वशिल्याच्या तट्टूलाच. जेट मेली तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांपेक्षा तिच्या स्लॉटची चौकशी जास्त झाली ती यामुळेच. आता पहिल्यांदाच मुंबईत विमान वाढवायचं तर कोणी मरायची वाट बघावी लागणार नाही.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. पनवेल, खारघर, कल्याण-डोंबिवली, रोहा-पेण, आणि मोठं म्हणजे पुणं. पुणेकराला आत्तापर्यंत एक्स्प्रेस-वे संपला की खरा प्रवास सुरू व्हायचा, वाशीचा पूल, चेंबूर, कुर्ला, पहाटे तीनच्या विमानासाठी संध्याकाळी सातला निघा. आता कळंबोलीला उतरला की जवळपास पोचलाच. दक्षिण मुंबईवाले अटल सेतूवरून येतील, २५० रुपये टोल एका वेळचा, त्यांना तो टोचणार नाही. दादर-ठाण्याचा माणूस मात्र तोंड वाकडं करणार, लोकल थेट आत जात नाही तोपर्यंत हे चालायचंच.

लोहगावकर

पुणेकरांच्या वतीने निषेध. आम्हाला विमान पनवेलहून नको, पुण्याहून हवंय 😄 पण खरं सांगायचं तर लोहगाव हवाई दलाचं आहे, २०२४ ला नवीन टर्मिनल झालं ते छान आहे पण टर्मिनलने विमान उडत नाही, धावपट्टी त्यांचीच, वेळा त्यांच्याच. पुरंदरला व्हायचा नवा विमानतळ आमच्या नातवंडांसाठी. इंडिगोने पुण्याहून बँकॉक आणि दुबई सुरू केलं तेव्हा आमच्या ऑफिसात लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, यावरून भूक किती आहे ते समजा.

माजी रॅम्प

मी एका विमान कंपनीच्या ग्राउंड ऑपरेशन्सला बरीच वर्षं काढलीत (नाव नको). आकडेमोड्या साहेब, तुमचा दुसरा नंबर बरोबर आहे पण कारण वेगळं आहे. अंतर हे कारण नाही, रात्र हे कारण आहे.

स्वस्त विमानसेवेचा सगळा खेळ एकाच आकड्यावर, विमान दिवसातून किती तास हवेत असतं. विमानाचं भाडं महिन्याचं द्यावं लागतं, ते उभं असो की उडत असो. म्हणून ती पंचवीस-तीस मिनिटांची घाई. विमान थांबलं की पुढून आणि मागून दोन्हीकडून माणसं उतरवायची, जिन्याऐवजी उताराचे रॅम्प लावले की व्हीलचेअर आणि बॅगावाले अडकत नाहीत, शेवटचा माणूस उतरायच्या आत क्रू मधल्या रांगा आवरत असतो, खाली पोट उघडून बॅगा काढणं आणि डिझेलचा नाही, एटीएफचा (विमानाच्या इंधनाचा) पाईप लावणं एकाच वेळी चालू. मी घड्याळ घेऊन उभा राहिलोय त्या गाड्यांच्या मधे. एक बेल्ट लोडर उशिरा आला की दिवसभराची माळ तुटते.

तर इतकं करून दिवसभरात सहा-सात फेऱ्या होतात आणि रात्री बाराच्या पुढे काय? नागपूर-रायपूरला रात्री दोन वाजता कोण जाणार? विमान पहाटे पाचपर्यंत मुकाट्याने उभं. त्याचं भाडं चालू. आता हेच विमान रात्री दहा-अकराला उचलून आखातात किंवा बँकॉकला नेलं, तिकडून भरून सकाळी परत आणलं, आणि साफ करून लगेच दिल्लीला सोडलं, तर त्या रात्रीच्या फेरीला विमानाचं भाडं जवळजवळ फुकट पडतं. फक्त इंधन, क्रू, विमानतळाचं आणि वरून जायचं शुल्क. मोठ्या कंपनीला त्या मार्गावर वेगळं विमान ठेवावं लागतं, यांना नाही. २०२३ मध्ये अल्माटी, ताश्कंद, तिबिलिसी, बाकू, नैरोबी, जकार्ता अशी भराभर नावं जोडली ती याच हिशोबाने. नकाशावर विचित्र वाटतात पण सगळी त्याच छोट्या विमानाच्या टप्प्यातली आहेत.

पण आता गंमत बघा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नेमके रात्रीवर बसलेत. रात्र आता बारा ते सहा धरायची, आधी पाचपर्यंत होती. रात्रीच्या ड्यूटीत लँडिंग दोनच, आधी सहा चालायची. आठवड्याची सलग सुट्टी ३६ वरून ४८ तास. नियम योग्यच आहेत, दमलेला माणूस कॉकपिटमध्ये नको, मी ते डोळे बघितलेत. पण याचा अर्थ असा की रात्रीचं विमान फुकट असलं तरी रात्रीचा वैमानिक फुकट राहिलेला नाही. डिसेंबरात जे झालं त्याच्या मुळाशी हेच, विमानं होती, गिऱ्हाईक होतं, माणसं पुरली नाहीत. त्यामुळे "बाहेरची संधी किती" हा प्रश्न विचारताना "कॅप्टन किती" हे आधी विचारा. कॅप्टन काही फॅक्टरीत बनत नाही, को-पायलटचा कॅप्टन व्हायला वर्षं जातात.

आकडेमोड्या

काय प्रतिसाद आहे. दंडवत. हे रात्रीच्या भाड्याचं गणित कुठल्याच पेपरात असं सरळ वाचलं नव्हतं.

कऱ्हाडचा टूरवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो पण आता राहवत नाही. तुम्ही सगळे आयटीवाले लोक युरोपचं बोलताय. मी सांगतो विमान कोण भरतंय ते.

आमच्याकडे वर्षात सगळ्यात मोठं काम असतं डीलर टूरचं. खताच्या, कीटकनाशकाच्या, सिमेंटच्या, रंगाच्या कंपन्या. इतका माल उचलला तर बँकॉक, इतका उचलला तर व्हिएतनाम, त्याच्या वर बाकू नाहीतर अल्माटी. कृषी सेवा केंद्रवाला, ज्याने आयुष्यात पुण्याच्या पुढे मुक्काम केला नाही तो पासपोर्ट काढून बसलाय, कारण शेजारच्या गावातला दुकानदार मागच्या वर्षी जाऊन आला आणि त्याने पट्टायाचे फोटो स्टेटसला लावले. हा माणूस स्वतःच्या खिशातून तिकीट काढत नाही, कंपनी काढते, आणि कंपनी शंभर-दीडशे माणसांचं एकदम काढते, म्हणजे अर्ध्याच्या वर विमान एका फटक्यात. त्याला जेवण फुकट मिळालं नाही तरी चालतं, बॅगेत चिवडा, लसणाची चटणी, बाकरवडी सगळं असतं. खुर्ची मागे झाली नाही तरी चालतं. त्याला फक्त दोन गोष्टी लागतात, व्हिसाची कटकट नको आणि विमान मधे बदलायला नको. मधे बदललं की माझे चार डीलर हरवतातच, एकदा एकजण परदेशच्या विमानतळावर भलत्याच गेटवर शांत झोपला होता.

म्हणून थायलंडने व्हिसा उठवला तो निर्णय आमच्यासाठी कुठल्याही सेलपेक्षा मोठा. आधी प्रत्येकाचे फोटो, बँक स्टेटमेंट, निम्म्यांच्या पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. आता पासपोर्ट असला की चल. कझाकस्तानचं पण तसंच, चौदा दिवस व्हिसा लागत नाही, म्हणून अल्माटी एवढं चाललं. बर्फ, केबल कार, आणि मुंबई-गोव्यासारखी गर्दी नाही.

दुसरं गिऱ्हाईक एमबीबीएसची पोरं. जॉर्जिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान. सांगली-साताऱ्यातनंच किती आहेत. पोरगं वर्षातून एकदा-दोनदा येणार म्हणजे येणारच, आणि जाताना आईने दिलेलं वजन बघा. जादा सामानाचे पैसे भरताना बाप कुरकुरतो पण लोणचं परत नेत नाही. कंपनीची खरी कमाई तिथेच असणार असा माझा अंदाज.

शंकासुर

टूरवाले साहेब, लिहिलंत छान, पण तुमच्याच यादीत घोटाळा आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली आणि त्याच आठवड्यात इंडिगोला अल्माटी, ताश्कंद थांबवावं लागलं, कारण वळसा घालून जायचं म्हटलं तर त्या छोट्या विमानाचा टप्पाच पुरत नाही. पुढच्या महिन्यात तुर्की-अझरबैजानवर लोकांनी बहिष्कार टाकला, बाकूच्या बुकिंगांचं काय झालं ते तुम्हालाच माहीत. म्हणजे ज्याला तुम्ही संधी म्हणताय ती दोन आठवड्यांत बंद पडू शकते आणि त्यात कंपनीची काही चूक नसते.

शिवाय खर्च बघा ना. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, दुरुस्ती डॉलरमध्ये, आणि रुपया डिसेंबरात नव्वदीच्या पार गेला. तिकीट मात्र आपण रुपयात काढतो. इंधन जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, महाराष्ट्राने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई-पुणे-रायगडला २५ चा १८ टक्के केला तेवढाच दिलासा. आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनात धातूच्या पावडरीचा दोष निघाला तेव्हा एकट्या इंडिगोची सत्तरच्या वर विमानं जमिनीवर बसली होती. ऑर्डर नऊशेची असून काय उपयोग, हातातली उडत नाहीत.

माझं म्हणणं, संधी बाहेर भरपूर आहे, पण तिच्या चाव्या दुसऱ्यांच्या खिशात आहेत.

कऱ्हाडचा टूरवाला

बाकूचं विचारू नका शंकासुर. एका सिमेंट कंपनीचा ग्रुप होता, सगळं ठरलेलं, आठवड्यात व्हिएतनामला फिरवला. पण फिरला हो, रद्द नाही झाला. हा मुद्दा लक्षात घ्या, डीलर बक्षीस सोडत नाही, देश बदलतो. ज्या कंपनीकडे व्हिएतनामला पण विमान आहे तिला काही फरक पडला नाही.

माजी रॅम्प

+१. म्हणूनच वीस ठिकाणी थोडं थोडं. शिवाय विमान तेच असल्यामुळे मार्ग बदलायला त्रास कमी. मोठ्या विमानाला ते जमत नाही, त्याचं प्रशिक्षण, सुटे भाग, क्रू सगळं त्या मार्गाला बांधलेलं.

देरा दुबईकर

आखाताबद्दल कोणीतरी लिहायला हवं म्हणून. इकडे सगळे म्हणतात दुबईला विमानं वाढवा, मागणी आहे. मागणी आहेच, ईद, गणपती, शाळेच्या सुट्ट्या, तिकीट बघून छातीत धस्स होतं. पण भारत आणि दुबई यांच्यात करार आहे, दोन्ही बाजूंना आठवड्याला साधारण ६६ हजार सीटा. त्या दोन्हीकडच्या जवळजवळ भरलेल्या आहेत. एमिरेट्स कित्येक वर्षं म्हणतेय वाढवा, दिल्ली म्हणते नाही, कारण वाढवल्या की अजून भारतीय दुबईवरून युरोप-अमेरिकेला जाणार आणि आपल्या कंपन्यांच्या हातात काही उरणार नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. सरकारने जे दार अडवून ठेवलंय त्याचा फायदा घ्यायचा तर आपल्या कंपनीने थेट युरोपला न्यायला हवं. इंडिगोने २०२५ च्या जुलैत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं ना, नॉर्वेच्या नॉर्स कंपनीची मोठी बोईंग ७८७ विमानं भाड्याने घेऊन, वैमानिकांसकट. स्वतःची मोठी ए३५० विमानं येईपर्यंत धंदा शिकून घ्यायचा. साठ मागवलीत, आधी तीस होती. मला मँचेस्टर आवडलं कारण तिथे लंडनसारखी मारामारी नाही आणि आपली माणसं भरपूर.

पण मग ही स्वस्त कंपनी राहिली का? बिझनेस क्लास, गरम जेवण, पॉइंट. मला नाही वाटत.

खवचट आजोबा

स्वस्त? गणपतीत मुंबई-गोवा बघा आणि मग स्वस्त म्हणा.

नागपुरी संत्री

तुम्ही सगळे परदेशात पोचलात, देशातलं मार्केट संपलं असं कोणी सांगितलं? १४० कोटी लोक, २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवासी १६ कोटींच्या वर. आणि त्यातही एकच माणूस दहा वेळा मोजलेला. चीनमध्ये त्या वर्षी देशी-परदेशी मिळून ७० कोटींच्या पुढे गेले. म्हणजे आपल्याकडे दहातला एखादाच विमानात चढतो. बाकीचे नऊ कुठे आहेत? अमरावती, अकोला, चंद्रपूर, नांदेड. एसी थ्री टायरमध्ये. आकडेमोड्या, तुमच्या यादीत पाचवी जागा लिहा, आपलीच गावं.

शंकासुर

ताई, त्याचा पण अनुभव घेऊन झालाय. उडान योजना. निम्म्या सीटा तासाला २५०० रुपयांत, तूट सरकार भरणार, तीन वर्षं. कॅगचा २०२३ चा अहवाल काढून बघा, दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे सुरू झाले त्यातले ११२ च तीन वर्षं पुरी करू शकले आणि सबसिडी संपल्यावर टिकले फक्त ५४. ज्या दिवशी सरकारी पैसा थांबला त्या दिवशी विमान थांबलं.

नागपुरी संत्री

५४ टिकले ना? ते का टिकले ते बघा की. तिथेच उत्तर आहे. सगळं मेलं म्हणून मोकळं व्हायचं आणि जे जगलं त्याच्याकडे बघायचंच नाही, हे बरंय.

माजी रॅम्प

ताईंचा मुद्दा बरोबर आहे. गाव लहान की मोठं याने ठरत नाही, गावात माणूस कशासाठी येतो याने ठरतं. शिर्डी बघा. तिथे नगर जिल्ह्याचा माणूस विमानात बसत नाही, तिथे हैदराबाद-चेन्नईचा भक्त उतरतो. तो वर्षभर येतो, गुरुवारी जास्त येतो, आणि त्याला दर्शन करून लगेच परत जायचं असतं. कोल्हापूरकर तिरुपतीला जातो, तेही देवामुळेच. नाशिकला कारखाने आणि देव दोन्ही. अशा ठिकाणी ७८ सीटांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, भरतं, आणि भरलेलं एटीआर रिकाम्या एअरबसपेक्षा कधीही चांगलं. जिथे फक्त पुढाऱ्याला विमानतळ हवा होता तिथे नाही टिकत, मग सबसिडी द्या नाहीतर नारळ फोडा.

देवगडी

पुढाऱ्यावरून आठवलं, आमच्या सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ. 😑 ९ ऑक्टोबर २०२१ ला किती मोठा सोहळा, दोन मंत्री एका मंचावर बसून एकमेकांकडे बघत नव्हते. काही वर्षं मुंबईचं एक विमान आलं गेलं, तेही पाऊस आला की रद्द, पुढे तेही बंद झालं. आणि इकडे २०२३ च्या जानेवारीत मोपा सुरू झालं, बांद्यापासून किती, चहा प्यायला जाऊन यावं इतकं. आता सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला सगळा माणूस मोपाला जातो. तिथे पहिलं विमान उतरलं तेही इंडिगोचंच, हैदराबादहून. कंपनीने सिंधुदुर्गाचं मार्केट सिंधुदुर्गात न येता घेतलं.

हां, गोव्याच्या त्या फ्लाय९१ ने छोटी विमानं आणलीत, पुणे-सिंधुदुर्ग, सोलापूर-गोवा. चालो बापडी.

बाकी कोणी मालाबद्दल बोललंच नाही. एप्रिल-मे मध्ये मुंबईहून आखातात जाणाऱ्या विमानाच्या पोटात हापूस असतो. रात्रीचं विमान म्हणजे पहाटे माल दुबईच्या बाजारात. तुमच्या त्या "फुकट" रात्रीच्या फेरीला हे अजून वरचं उत्पन्न.

माजी रॅम्प

देवगडी, असतो पण लिमिटेड. छोट्या विमानात पेट्या हाताने एकेक लावाव्या लागतात, आणि आखाताचा प्रवासी तीस किलो घेऊन येतो, जागा त्याच्या बॅगांनीच संपते. आंबा आधी चढवला आणि बॅगा राहिल्या तर काउंटरवर मार खायची पाळी. इंडिगोने माल नेण्यासाठी ए३२१ ची वेगळी विमानं घेतलीत ती त्याचसाठी.

आकडेमोड्या

सगळं वाचून माझं मत थोडं पक्कं झालंय, थोडं सरकलंय. नवी मुंबई ही सगळ्यात खात्रीची, कारण तिथे मागणी तयार आहे, फक्त जागा नव्हती. पण ती वाढ अकासा आणि एअर इंडिया एक्स्प्रेसलाही मिळणार, यांची एकट्याची नाही. थेट युरोपात एअर इंडियाशी गाठ आहे आणि तिथे भाड्याच्या विमानाने नफा कठीण. मधल्या पल्ल्यात मात्र यांच्यासारखा हिशोब कोणाला जमत नाही, आणि टूरवाल्यांनी गिऱ्हाईक दाखवलंच. कोलकाता-ग्वांगझू २०२५ च्या ऑक्टोबरात परत सुरू झालं, पाच वर्षं चीनला थेट विमानच नव्हतं, ती पण अशीच अचानक उघडलेली खिडकी. शंकासुर म्हणतात तशी बंदही होईल, मग दुसरीकडे वळायचं.

आणि आता ए३२१ एक्सएलआर येतंय. ६९ मागवलीत. आठ हजार किमीच्या वर टप्पा. मुंबई-दिल्लीहून अथेन्स त्याच विमानाने जाहीर केलंय. टूरवाले साहेब, तुमचे डीलर अथेन्सला जातील का?

कऱ्हाडचा टूरवाला

नाही. स्पष्टच सांगतो. ग्रीस म्हणजे शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा. माणशी नव्वद युरो फी, मुंबईला बोटांचे ठसे द्यायला दीडशे माणसं न्यायची, तीन वर्षांचे रिटर्न, आणि त्यातल्या दहांचा व्हिसा नाकारला की ते दहा डीलर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं खत विकणार. कुठलाच सेल्स मॅनेजर ही जोखीम घेणार नाही. तुम्ही लोक टप्पा मोजताय, मी व्हिसा मोजतो. अथेन्सला हनिमूनवाले जातील, पुण्या-मुंबईचे रिटायर्ड लोक जातील, चांगलं गिऱ्हाईक आहे पण ते दोन-दोन तिकिटं काढणारं.

माजी रॅम्प

अथेन्सचं एक मात्र आहे, तिथून पुढे युरोपात जोडून देता येतं. कोडशेअर (एकाच तिकिटावर पुढे दुसऱ्या कंपनीचं विमान) जमलं तर विमान फक्त ग्रीसवाल्यांनी भरायची गरज नाही. पण ग्रुपसाठी तुमचं बरोबर.

कऱ्हाडचा टूरवाला

मग मला एक सांगा रॅम्प साहेब, ते लांबचं विमान मुंबईहून बालीला लावतील का? आत्ता आहे त्यात ग्रुपला एका तारखेला साठच्या वर सीटा देत नाहीत, दोन तुकड्या कराव्या लागतात, आणि दुसऱ्या तुकडीतले डीलर पहिल्या तुकडीच्या हॉटेलवरून भांडतात.

माजी रॅम्प

बालीला लांबच्या विमानाची गरजच नाही, आहे तेच पुरतं. सीटा देत नाहीत कारण ते विमान एरवीही भरतंय, तुमच्या ग्रुप रेटला कशाला देतील? फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मागून बघा, परीक्षांमुळे फॅमिली गिऱ्हाईक कमी असतं. आणि मंगळवार-बुधवारचं निघणं ठेवा.

कऱ्हाडचा टूरवाला

फेब्रुवारीत खतवाले नाही म्हणतात, मार्च एंडचं टार्गेट असतं. रंगवाल्यांना विचारतो.